माशाचें वय, वाढ आणि मरण : तांबड्या ड्रम माशाचा हिशेब

बैलबाजारांत गेलेला जाणता शेतकरी किंमत बोलण्यापूर्वीं बैलाचें तोंड उघडून पाहतो. बैल दोन दाती आहे, चार दाती आहे कीं जुळलेला आहे, हें कळल्यावांचून केवळ अंगलोटावर भुलून कोणी पैसे मोजीत नाहीं; कारण त्याच्यापासून पुढें किती वर्षें काम मिळेल हें वयावर अवलंबून असतें, उंचीवर नाहीं. सागाचें रान तोडणाराहि खोडाच्या आडव्या कापावरील वलयें मोजून तें रान पुन्हां किती वर्षांत भरून निघेल याचा अदमास घेतो. समुद्रांतील मासा मात्र कोणीं पेरलेला नाहीं व कोणीं पाळलेला नाहीं. त्यामुळें त्याचा हिशेब ठेवण्याचें कारण नाहीं, हाताला येईल तेवढा आपलाच, अशी समजूत फार काळ चालत आली. ही समजूत किती महागांत पडते, आणि माशाच्या वयाचा, वाढीचा व मरणाचा हिशेब कसा मांडतात, हें प्रस्तुत लेखांत एका माशाच्या उदाहरणानें सांगावयाचें आहे.

हा विषय शेतकऱ्यास अगदींच परका आहे असें समजूं नये. ज्याच्यापाशीं गुरांचा कळप आहे, आमराई आहे किंवा बांधावर इमारती लाकडाचीं झाडें आहेत, त्यालाहि हेच चार प्रश्न सोडवावे लागतात: मुद्दल किती, त्याची दरसालची वाढ किती, आपोआप होणारी तूट किती, आणि मुद्दलाला धक्का न लावतां काढून घेण्याजोगें किती.

१. मासा कोणता

उदाहरणास घेतलेला मासा अमेरिकेच्या संयुक्त संस्थानांच्या अटलांटिक किनाऱ्यावर व मेक्सिकोच्या आखातांत आढळतो. तिकडे त्याला रेड ड्रम म्हणतात. कित्येक ठिकाणीं रेडफिश असेंहि म्हणतात. अंगाचा रंग तांबूस असून शेपटीच्या मुळाशीं एक किंवा अधिक काळे ठिपके असतात. विणीच्या हंगामांत नर आपल्या पोटांतील हवेच्या पिशवीजवळचे स्नायू थरथरवून ढोल बडविल्यासारखा आवाज काढतो, म्हणून ड्रम हें नांव पडलें. कोंकणपट्टीच्या वाचकांस हें कुळ ओळखीचें आहे. आपल्या किनाऱ्यावरचे घोळ, कोथ व ढोमा हे मासे ह्याच कुळांतले होत.

ह्या माशाची वीण पावसाळ्याच्या अखेरीच्या सुमारास, म्हणजे ऑगस्टच्या मध्यापासून पुढें दोन-तीन महिने, खाड्यांच्या मुखांजवळ होते. एक मादी एका हंगामांत लक्षावधि अंडीं घालते. अंडीं पाण्यावर तरंगतात, आणि त्यांतून निघालेलीं पिलें भरतीच्या पाण्याबरोबर खाडींत शिरतात. पहिलीं तीन-चार वर्षें खाडींत व उथळ पाण्यांत काढल्यावर मासा वयांत येतो, आणि मग बहुतेक मासे बाहेरच्या मोठ्या समुद्रांत जाऊन थव्यानें राहूं लागतात. हें दोन घरांचें आयुष्य वाचकांनीं ध्यानांत ठेवावें; पुढें मरणाच्या हिशेबांत तें फार महत्त्वाचें ठरणार आहे.

हा मासा धरणारे बहुतेक लोक पोटासाठीं समुद्रावर जाणारे कोळी नव्हेत. सुटीच्या दिवशीं सरकारी परवाना घेऊन, दांडी, दोर व गळ यांनीं मौजेखातर मासे धरणारे ते हौशी लोक आहेत. एकेकट्याचा हात थोडा असतो. परंतु असे लोक लाखांनीं मोजावे लागतात, आणि लाखांचा थोडा थोडा हात मिळून एखाद्या मोठ्या जाळ्याएवढा होतो. म्हणून अमेरिकन सरकारनें सन १९७९ पासून हौशी मासेमारांची नमुना-पाहणी सुरू केली. पाहणी करणारा इसम धक्क्यावर उभा राहून परतणाऱ्यांस किती तास गळ टाकला, किती मासे धरले, किती सोडून दिले हें विचारतो, व आणलेल्या माशांची लांबी मोजून घेतो. गळानें धरलेल्या रेड ड्रमचा नमूद झालेला सर्वांत मोठा नमुना ९४ पौंड २ औंस वजनाचा असून तो नॉर्थ कॅरोलिना संस्थानांतील एव्हन गांवाजवळ ७ नोव्हेंबर १९८४ रोजीं सांपडला.

२. वय कोठें लिहिलेलें असतें

माशाच्या डोक्यांत, मेंदूच्या मागील अंगास, कानाच्या पोकळींत लहान दगड असतात. त्यांस शास्त्रज्ञ कर्णाश्म म्हणतात. ते चुनखडीच्याच जातीच्या द्रव्याचे बनलेले असून त्यांच्या योगानें माशाला तोल सांभाळतां येतो व आवाज ऐकूं येतो. दगडांच्या तीन जोड्या असतात. पैकीं सर्वांत मोठी जोडी वय पाहण्यास घेतात. ड्रमच्या कुळांत ही जोडी विशेष मोठी असते. घोळीचें डोकें फोडून पाहणारास हे पांढरे दगड सहज दिसतात.

मासा जन्मभर ह्या दगडावर पुटावर पूट चढवीत असतो. वाढ जोरानें चालू असतां चढणारें पूट आणि वाढ मंदावली असतां चढणारें पूट यांची घडण सारखी नसते. त्यामुळें पातळ काप उजेडांत धरला असतां त्यांत एक पट्टा पारदर्शक व एक पट्टा अंधुक अशी जोडी दिसते. ज्या समुद्रांत हिवाळा व उन्हाळा यांत चांगलें अंतर असतें तेथें अशी एक जोडी म्हणजे एक वर्ष. जर्मन संशोधक योहान्नेस रायबिश यानें सन १८९९ मध्यें प्लेस नांवाच्या चपट्या माशाच्या दगडांवरून अशा रीतीनें वय काढून दाखविलें. त्यापूर्वींच माशाच्या खवल्यांवरील वलयेंहि मोजूं लागले होते.

प्रत्यक्ष काम असें चालतें. दगड काढून धुऊन वाळवितात. नंतर तो राळेसारख्या घट्ट होणाऱ्या द्रव्यांत बसवून हिऱ्याच्या कणांची धार असलेल्या चकतीनें बरोबर मध्यबिंदूंतून आडवा कापतात. सुमारें अर्धा मिलिमीटर जाडीचा काप कांचेच्या पट्टीवर चिकटवून सूक्ष्मदर्शक यंत्राखालीं ठेवतात व मध्यापासून कडेपर्यंत वलयें मोजतात. दोन माणसें तोच काप निरनिराळ्या वेळीं वाचतात, आणि मासा किती लांबीचा होता हें त्यांस मुद्दाम सांगत नाहींत. कारण लांबी ठाऊक असली म्हणजे वाचणाराचें मन नकळत मोठ्या माशांत जास्त वलयें पाहूं लागतें.

वलयें मोजलीं म्हणजे वय कळलें असेंहि नाहीं. रेड ड्रम शरद ऋतूंत जन्मतो, व वलय हिवाळ्याच्या अखेरीपासून वसंतापर्यंत उमटतें. जन्मानंतरच्या पहिल्या हिवाळ्यांत पिलूं अगदीं लहान असल्यामुळें त्या वेळचें मोजण्याजोगें वलय दिसत नाहीं; पहिलें स्पष्ट वलय मासा सुमारें दीड वर्षाचा झाला असतां पडतें. यावरून एप्रिलांत धरलेल्या माशांत तीन वलयें दिसलीं तर त्याचें वय तीन नव्हे, साडेतीन वर्षें समजावें. मोठ्या माशांत अर्ध्या वर्षाची चूक क्षुल्लक ठरते. परंतु ज्या वयांत मासा दरसाल सहा-सात इंच वाढतो त्या वयांत तीच चूक सारा हिशेब बिघडविते.

हौशी लोकांकडून दगड मिळविण्याची एक सोपी युक्ति जॉर्जिया संस्थानांत चालू आहे. धक्क्याजवळ बर्फाची पेटी ठेवलेली असते. मासा साफ करून मांस घरीं नेणारा माणूस उरलेला सांगाडा, त्यासोबत धरल्याची तारीख व ठिकाण लिहिलेली चिठ्ठी, त्या पेटींत टाकून जातो. जें उकिरड्यावर जावयाचें त्यांतून विद्या निर्माण होते.

३. वलय वर्षाचेंच कशावरून

बैलाचे दांत कोणत्या वयांत पडतात हें आपण गोठ्यांत जन्मलेल्या वासरावरून पडताळून पाहूं शकतों. समुद्रांतल्या माशाची जन्मतारीख कोणीं लिहून ठेवलेली नसते. म्हणून वलय दरसाल एकच पडतें, दोन पडत नाहींत व एखादें साल चुकतहि नाहीं, हें स्वतंत्र रीतीनें सिद्ध करावें लागतें. त्याच्या तीन रीती सांगण्याजोग्या आहेत.

पहिली रीत अशी कीं, बाराहि महिने मासे धरून दगडाची अगदीं बाहेरची कड पाहावयाची. वर्षांतून एकाच ऋतूंत नवें वलय कडेवर दिसलें आणि मग पुढील वर्षापर्यंत त्याच्या बाहेरचा पट्टा सारखा रुंद होत गेला, तर वलय वार्षिक ठरतें. दुसरी रीत, जिवंत मासा धरून त्याला टेट्रासायक्लिन हें औषध टोंचावयाचें व खुणेची चिठ्ठी अडकवून सोडून द्यावयाचें. हें औषध दगडाच्या त्या दिवसाच्या पुटांत मुरतें व अतिनील प्रकाशांत चमकतें. दोन वर्षांनीं तोच मासा पुन्हां सांपडला तर चमकणाऱ्या रेघेच्या बाहेर दोनच वलयें असलीं पाहिजेत.

तिसरी रीत मोठी विलक्षण आहे. सन १९५० ते १९६२ या सुमारास उघड्या आकाशाखालीं जे अणुबाँबचे स्फोट करून पाहण्यांत आले, त्यांमुळें हवेंतील व मागाहून समुद्राच्या पाण्यांतील किरणोत्सर्गी कार्बनाचें प्रमाण एकाएकीं वाढलें. त्या काळांत जन्मलेल्या प्रत्येक माशाच्या दगडाच्या गाभ्यांत ती वाढ जणूं शिक्का मारल्याप्रमाणें राहिली आहे. वलयांवरून निघालेलें जन्मसाल आणि गाभ्यांतील कार्बनाचें प्रमाण यांचा मेळ बसला तर वलयांची मोजणी खरी. न्यूझीलंडमधील स्नॅपर माशावर ही कसोटी जॉन कॅलिश यानें १९९३ सालीं लावून दाखविली, आणि रेड ड्रमचा जवळचा भाऊबंद जो ब्लॅक ड्रम, त्याच्यावर ती १९९८ सालीं लावण्यांत आली.

एवढी खातरजमा कशाला, असें कोणी म्हणेल. त्याला ऑरेंज रफी माशाचें उदाहरण पुरे आहे. न्यूझीलंड व ऑस्ट्रेलियाजवळच्या खोल समुद्रांतील हा मासा पूर्वीं वीस-तीस वर्षें जगणारा समजला जात होता. पुढें त्याचें आयुष्य शंभर वर्षांहून अधिक असल्याचें सिद्ध झालें. परंतु तोंपर्यंत जहाजांनीं त्याचे थवेच्या थवे उपसून नेले होते. जें रान शंभर वर्षांत वाढलें तें वीस वर्षांत वाढेल असें मानून कुऱ्हाड चालविली तर दुसरें काय व्हावयाचें?

४. वाढीचा हिशेब

टेक्सस संस्थानच्या मत्स्यखात्यानें दिलेल्या मापांप्रमाणें रेड ड्रम पहिल्या वर्षांत १० ते ११ इंच लांब होऊन एक पौंड भरतो. दोन वर्षांचा झाला म्हणजे १७ ते २२ इंच व साडेतीन पौंड. आणि तीन वर्षांचा झाला म्हणजे २२ ते २४ इंच व सहा ते आठ पौंड. यापुढें वाढ मंदावत जाते. ऑस्ट्रियन जीवशास्त्रज्ञ फॉन बेर्टालान्फी यानें अशा वाढीसाठीं जें सूत्र बसविलें तें आजहि सर्वत्र वापरतात. त्यांतील तत्त्व सोपें आहे: प्रत्येक माशाच्या जातीला लांबीची एक शेवटची मर्यादा असते, आणि मासा दरसाल त्या मर्यादेपर्यंत उरलेल्या अंतराचा ठराविक हिस्सा चालून जातो.

समजण्यापुरतें आपण असें धरूं कीं, मर्यादा ४० इंच आहे व मासा दरसाल उरलेल्या अंतराचा चौथा हिस्सा वाढतो. तर पुढील कोष्टक तयार होईल.

१ वर्ष : १० इंच
२ वर्षें : १७.५ इंच
३ वर्षें : २३.१ इंच
४ वर्षें : २७.३ इंच
५ वर्षें : ३०.५ इंच
१० वर्षें : ३७.७ इंच
२० वर्षें : ३९.९ इंच
३० वर्षें : ४० इंच, केसभर कमी

हे आंकडे केवळ गणिताचे आहेत. खऱ्या रेड ड्रमची वाढ एका सूत्रांत नीट बसत नाहीं. लहानपणीं ती फार झपाट्याची व चार-पांच वर्षांनंतर एकदम धीमी असते, म्हणून संशोधकांस दोन तुकड्यांचें सूत्र वापरावें लागलें. परंतु कोष्टकांतून निघणारा बोध खरा आहे. पहिल्या तीन ओळींत लांबीवरून वय सांगतां येतें. शेवटच्या तीन ओळींत तें मुळींच सांगतां येत नाहीं. दहा वर्षांचा मासा व तीस वर्षांचा मासा शेजारीं ठेवले तर दोन-तीन इंचांचा फरक. आणि एवढा फरक तर एकाच वर्षीं जन्मलेल्या दोन भावांतहि पडतो. सारांश, मोठ्या माशाचें वय फूटपट्टी सांगत नाहीं, दगडच सांगतो.

५. मरणाचा हिशेब

वय कळूं लागलें म्हणजे मरणाचें मान काढतां येतें. समजा, एका समुद्रभागांतून रीतसर नमुना घेऊन शेंकडों माशांचे दगड वाचले, आणि पांच वर्षांचे ४००, सहा वर्षांचे ३२०, सात वर्षांचे २५६ व आठ वर्षांचे २०५ मासे निघाले. प्रत्येक पायरीवर आधीच्या शंभरांपैकीं ऐंशी उरले आहेत. अर्थात् दरसाल शेंकडा २० मासे मरतात असा निष्कर्ष निघतो. ह्या उतरत्या आलेखाला धरणुकीचा आलेख म्हणतात.

ह्या वीसांत दोन वांटे आहेत. एक निसर्गाचा: रोग, मोठे मासे, थंडी, म्हातारपण. दुसरा माणसाचा. एकूण मरणांतून निसर्गाचा वांटा वजा केल्याशिवाय माणसाचा हात किती हें कळत नाहीं. निसर्गाचा वांटा अजमावण्याची एक रीत आयुष्याच्या लांबीवरून निघते. जी जात फार वर्षें जगते तिच्यांत दरसाल थोडेच मरत असले पाहिजेत, हें उघड आहे. जॉन होनिग यानें १९८३ सालीं अनेक जातींचे आंकडे जमवून याचें सूत्र बांधलें. त्या सूत्राप्रमाणें जास्तींत जास्त दहा वर्षें जगणाऱ्या माशांत दरसाल शेंकडा ३४ च्या सुमारास मरतात. रेड ड्रमचा नॉर्थ कॅरोलिनाच्या किनाऱ्यावर ६२ वर्षांचा नमुना नोंदलेला आहे. तो आंकडा घातला असतां दरसालचें मरण शेंकडा ६ ते ७ एवढेंच निघतें. हें मान वाढलेल्या माशांचें होय; खाडींतील पिलांचें मरण याच्या कितीतरी पट असतें.

शेंकडा ७ आणि शेंकडा २५ यांत फरक किती? एक हजार वाढलेले मासे घ्या. केवळ निसर्गाच्या हातीं सोडले, म्हणजे दरसाल शेंकडा ७ मेले, तर वीस वर्षांनीं २३४ उरतात व दर शरदांत अंडीं घालतात. माणसानें आपला हात घालून मरण शेंकडा २५ वर नेलें, तर वीस वर्षांनीं उरतात फक्त ३. पहिल्या दोन-चार वर्षांत हा फरक डोळ्यांस दिसतहि नाहीं; जाळीं भरतच असतात.

६. हिशेबांतील फसव्या जागा

येथें तीन ठिकाणीं सावध राहावें लागतें. पहिलें ठिकाण माशाच्या दोन घरांचें. खाडींत धरलेल्या माशांचाच आलेख काढला तर चौथ्या-पांचव्या वर्षानंतर मासे जवळजवळ दिसेनासे होतात. तो मरणाचा आंकडा नव्हे. ते मासे बाहेरच्या समुद्रांत गेलेले असतात. गोठ्यांतून वासरें बाजारांत गेलीं तर तीं मेलीं असें कोणी लिहीत नाहीं.

दुसरें ठिकाण कायद्याचें. ठराविक लांबीहून मोठा मासा घरीं नेण्यास बंदी असली म्हणजे हौशी माणसाच्या टोपलींत मोठा मासा येतच नाहीं. टोपलीवरून आलेख काढणाराला तेथेंहि खोटें मरण दिसेल. म्हणून टोपलीबरोबरच संशोधकांनीं स्वतः लांब दोर व जाळीं टाकून सर्व लांबींचे मासे तपासावे लागतात, आणि चिठ्ठी अडकवून सोडलेले मासे कोठें व केव्हां पुन्हां सांपडतात याची नोंद ठेवावी लागते.

तिसरें ठिकाण सोडून दिलेल्या माशाचें. गळ घशांत खोल गेला असेल, मासा फार वेळ ओढला गेला असेल, तर पाण्यांत सोडल्यावरहि तो मरतो. अटलांटिक किनाऱ्याच्या हिशेबांत सोडलेल्या शंभर रेड ड्रमपैकीं ८ मरतात असें धरण्यांत येतें. आठ हा आंकडा लहान दिसतो. पण लाखो मासे धरून सोडण्यांत येत असतील तर त्याची बेरीज दुर्लक्ष करण्याजोगी राहत नाहीं. टोंक आंत वळलेला वाटोळा गळ वापरला तर तो बहुधा ओठाच्या कोपऱ्यांत अडकतो व हें नुकसान कमी होतें.

७. हिशेब नसतां काय झालें

न्यू ऑर्लीन्स शहरांतील पॉल प्रुडोम ह्या प्रसिद्ध आचाऱ्यानें रेडफिशच्या तुकड्यांस मसाला चोळून, लाल तापलेल्या बिडाच्या तव्यावर ते काळे होईतों भाजण्याचा एक पदार्थ लोकप्रिय केला. १९८० नंतरच्या दशकांत हा पदार्थ साऱ्या देशाच्या उपाहारगृहांत पसरला व माशाची मागणी एकाएकीं चढली. खाडींतील माल पुरेना, तेव्हां मोठ्या बोटी बाहेरच्या समुद्रांत गेल्या. विमानांतून थवे हेरून त्यांच्याभोंवतीं वेढ्याचें जाळें टाकीत, आणि एकेका वेढ्यांत थवाच्या थवा वर येई.

पाहणारास वाटलें, समुद्र अखूट आहे. परंतु तो थवा एका वर्षाचें पीक नव्हतें. आखातांतील बाहेरच्या पाण्यांतल्या माशांचे दगड वाचून १९८९ सालीं जो अभ्यास प्रसिद्ध झाला, त्यांत ३७ वर्षांपर्यंतचे मासे आढळले. म्हणजे एका वेढ्यांत वर येत होती ती तीन-साडेतीन दशकांची सांठवण. शेतकऱ्याच्या भाषेंत बोलावयाचें तर तें धान्य विकणें नव्हतें, बियाण्याची कणगी उपसणें होतें. शिवाय खाडींतच लहान मासा इतका धरला जात होता कीं, त्या कणगींत नवी भर फारच थोडी पडत होती.

टेक्सस संस्थानानें १९८१ सालींच आपल्या पाण्यांतील रेड ड्रमच्या विक्रीस बंदी केली होती. १९८६ सालीं केंद्र सरकारनें तातडीचा हुकूम काढून आखाताच्या बाहेरच्या पाण्यांतील धरणूक रोखली, आणि १९८८ पासून तेथें हा मासा धरून ठेवण्यास पुरती मनाई झाली. २००७ सालीं अध्यक्ष बुश यांनीं फर्मान काढून केंद्राच्या ताब्यांतील पाण्यांत त्याची विक्रीसाठीं धरणूक होऊं नये असें धोरण घातलें.

पुढें जे नियम झाले ते वर सांगितलेल्या हिशेबांतून सरळ निघतात. टेक्ससमध्यें २० ते २८ इंच व फ्लॉरिडांत १८ ते २७ इंच लांबीचाच मासा ठेवण्याची परवानगी आहे. त्याहून लहान सोडावयाचा, कारण तो अजून झपाट्यानें वाढत आहे. त्याहून मोठाहि सोडावयाचा, कारण तो विणीचा धनी आहे व निसर्ग त्याला पुढें कित्येक दशकें राखणार आहे. टेक्ससनें मोठ्या माशास एक लहानशी सवलत ठेवली आहे, ती परवान्याबरोबर मिळणाऱ्या चिठ्ठीपुरती. आखातांतील संस्थानांनीं आणखी एक मोजमाप ठरविलें: मुळींच मासेमारी नसती तर जेवढे तरुण मासे खाडींतून बाहेरच्या समुद्रांत पोहोंचले असते, त्यांपैकीं निदान शेंकडा ३० तरी पोहोंचले पाहिजेत. लुइझियाना संस्थानांत हें प्रमाण त्या मर्यादेखालीं घसरल्याचें दिसून आलें, तेव्हां २० जून २०२४ पासून दर माणसाची दिवसाची मर्यादा पांच माशांवरून चारांवर आणली, किमान लांबी १६ वरून १८ इंच केली, आणि २७ इंचांवरील एक मासा नेण्याची पूर्वींची मुभा काढून टाकली. नियम एकदां करून भागत नाहीं. जमाखर्च दरसाल पाहावा लागतो, हा यांतला धडा आहे.

८. आपल्या किनाऱ्याविषयीं

आपल्याकडील समुद्र वर्षभर उबदार असल्यामुळें दगडांतील वर्षाचीं वलयें थंड प्रदेशांतल्याइतकीं स्पष्ट उमटत नाहींत. म्हणून येथील अभ्यासांत बहुधा दर महिन्यास पुष्कळ माशांची लांबी मोजून, त्यांतील एकेका पिढीचा उंचवटा महिन्यागणिक किती पुढें सरकतो हें पाहून वाढ काढतात. ही रीत डेन्मार्कच्या पेटरसन यानें एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस घालून दिली. लवकर वाढून लवकर मरणाऱ्या माशांस ती चांगली लागू पडते. मोठ्या व फार जगणाऱ्या माशांस ती अपुरी पडते, कारण त्यांच्या पिढ्या लांबींत एकमेकींत मिसळून जातात. सन १९४७ मध्यें स्थापन झालेली केंद्रीय सागरी मत्स्य संशोधन संस्था असे अभ्यास करीत आली आहे, आणि २०२३ सालीं महाराष्ट्र सरकारनें ५४ जातींच्या माशांसाठीं किमान लांबी ठरवून दिली. घोळीसारखा मोठा मासा थव्यानें एके जागीं येतो, व त्याच्या हवेच्या पिशवीला भारी किंमत येते. अशा माशाच्या एका मोठ्या धरणुकीची बातमी वाचतांना तिला सुगी म्हणावें कीं कणगी उपसणें म्हणावें, हा प्रश्न दगड वाचल्याशिवाय सुटणारा नाहीं.

सारांश असा. लांबीवरून वय ठरवूं नये; वय ठरविल्यावर तें पडताळल्याशिवाय मानूं नये; टोपलींत न दिसणारा मासा मेलाच असें समजूं नये; आणि जी जात सावकाश मरते तिच्यांतील वाढलेल्यांस हात लावूं नये, कारण तिचें मुद्दल एकदां गेलें तर तें परत जमण्यास एक पिढी पुरत नाहीं. ज्या शेतकऱ्याच्या कळपांत दुभत्या म्हशी किती, भाकड किती व वासरें किती याची यादी नाहीं, किंवा ज्याच्या आमराईंत कोणतें झाड कोणत्या सालीं लावलें याची नोंद नाहीं, त्यानें हा हिशेब आपल्या वहींत एकदां मांडून पाहावा. प्रत्येक झाडाचें व जनावराचें वय, दरसाल झालेली भर, आपोआप झालेली तूट व आपण काढलेला भाग, एवढीं चार सदरें पुरेत. तीन-चार वर्षांच्या नोंदी झाल्या म्हणजे आपण व्याज खात आहों कीं मुद्दल, हें त्यांवरून कळूं लागेल.